प्रदूषण मंडळाचा हिशेब मागायचा कुठे?

प्रश्न : आम्ही दाभोळ खाडीत मासेमारी करतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पैसा किती, माणसं किती, हे तपासतं कोण? अर्थसंकल्पाच्या चर्चेत मंडळाचं नाव ऐकू येत नाही. पत्र खासदारांना द्यावं की आमदारांना?
— एक वाचक, दाभोळ (ता. दापोली)

उत्तर : आमदारांना. राज्याच्या मंडळाचा हिशेब विधिमंडळात येतो, केंद्रीय मंडळाचा संसदेत.

अर्थसंकल्पात नाव येत नाही, कारण मंडळ मुख्यतः उद्योगांच्या संमतीपत्र (कारखाना उभारायची-चालवायची मंडळाची परवानगी) शुल्कावर आणि ठेवींच्या व्याजावर चालतं. पर्यावरण विभागाच्या मागण्या मताला येतात तेव्हा हा पैसा त्यात नसतो, त्यामुळे कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव, दिली तरी तिथवर पोचत नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे मंडळ आपलं अंदाजपत्रक करून शासनाला पाठवतं. त्यावर सभागृहात मतदान नाही.

सभागृहाच्या हाती येतं ते आर्थिक वर्ष संपल्यावर. कलम ३९ नुसार वार्षिक अहवाल चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत शासनाकडे आणि नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत विधिमंडळापुढे यायला हवा. कलम ४० मध्ये लेखापरीक्षण अहवालही पटलावर, म्हणजे सभागृहापुढे, ठेवायला सांगितलं आहे, पण त्याला ठरावीक तारीख नाही, फक्त ‘शक्य तितक्या लवकर’. खरी मेख इथे आहे. शिवाय अहवाल पटलावर आला म्हणजे त्यावर चर्चा झाली असं नाही, ती कोणीतरी मागावी लागते.

तेव्हा आधी माहिती अधिकारात कागद मिळवा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. पदं आणि पैसा एकाच अर्जात घातलेत तर अर्ज अडतो. दोन वेगळे अर्ज करा. ते ऑगस्टमध्ये टाकलेत तर डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनासाठी आमदारांच्या हाती वेळेवर मजकूर पडेल. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात तो, ऐनवेळी देता येत नाही.

प्रश्नाचे शब्द फार जपून लिहा. ‘खाडीच्या प्रदूषणावर काय कारवाई केली’ असं विचारलंत की ‘तपासणी सुरू आहे’ एवढंच उत्तर येणार. त्याऐवजी आकडा किंवा तारीख द्यावीच लागेल असं विचारा : गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल कोणत्या तारखांना पटलावर ठेवले? ३१ मार्चला चिपळूणच्या कार्यालयात आणि प्रयोगशाळेत मंजूर पदं किती, भरलेली किती? अंदाजपत्रकात धरलेल्या रकमेतली खर्च किती झाली, ठेवीत किती राहिली? पदं रिकामी आणि ठेवी वाढत्या, असं चित्र निघालं तर ‘पैसा नाही’ ही सबब टिकत नाही.

आणखी दोन गोष्टी जोडा. जलप्रदूषण कायद्याच्या कलम ८ प्रमाणे मंडळाची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. वर्षात किती झाल्या? कलम ४ नुसार शेती, मासेमारी, उद्योग, व्यापार अशा हितसंबंधांसाठी तीनपर्यंत अशासकीय सदस्य नेमता येतात. मासेमारीचा माणूस नेमायलाच हवा अशी सक्ती नाही, पण त्या जागांवर सध्या कोण आहे हे खाडीवाल्यांनी विचारायलाच हवं. मागणी मच्छीमार सोसायटीच्या ठरावासह गेली तर उत्तम.

उत्तर देताना मंत्र्यांनी सभागृहात शब्द दिला, तर कामकाजातली ती ओळ उतरवून आश्वासन समितीकडे (मंत्र्यांनी दिलेला शब्द पाळला का हे बघणारी सभागृहाची समिती) पाठपुरावा करा. विधानसभेत प्रश्न लागला नाही, तर कोकण पदवीधर मतदारसंघाच्या आमदारांमार्फत तोच प्रश्न विधान परिषदेत देता येतो.