गिअरबॉक्स दोन बोटं बाहेरच अडकतोय, बोल्ट आवळून आत ओढू का?

नका ओढू भाऊ. तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या महिंद्रा जीप पिकअपचं इंजिन बसलं, क्लच नवा टाकला, आता गिअरबॉक्स बेल हाउसिंगपासून (इंजिनमागचं क्लच झाकणारं केसिंग) दोन बोटांवर अडकलाय आणि वाडीतले मिस्त्री म्हणतात, चारही बोल्ट आवळले की बसेल. बसेलही, पण क्लच प्लेटचा हब, म्हणजे मधला दातेरी भाग, वाकेल नाहीतर केसिंगचा कान, म्हणजे बोल्टाचं भोक असलेला भाग, तुटेल. बिडाचा कान तुटला की त्या काळचं केसिंग मिळवायला जीव जातो.

बहुतेक वेळा दोष एकच असतो, क्लच प्लेट सेंटरला नसते. क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट पुन्हा ढिली करा. गिअरबॉक्सचा एखादा जुना इनपुट शाफ्ट (पुढचा दातेरी दांडा) क्लच प्लेटमधून थेट पायलट बुशमध्ये (क्रँकच्या टोकातली, शाफ्टचं टोक पेलणारी बारीक नळी) घाला आणि तो आत असतानाच प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत न्या. शेवटी शाफ्ट हाताने सहज आतबाहेर व्हायला हवा. जुना शाफ्ट नसेल तर नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतला कुठलाही लेथवाला लाकडाचा डमी काढून देईल.

उघडलंच आहे तर प्लेटची दिशाही बघा. स्प्रिंगांचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे असतो. उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो आणि क्लच सुटतच नाही. नवा पायलट बुश ठोकताना जरा आवळतो, म्हणून शाफ्ट त्यात एकट्याने घालून बघा. आणि हे सकाळीच करा. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडखाली घामाचे, तेलाचे हात प्लेटच्या लायनिंगला (घर्षणाच्या थराला) लागतातच.

चढवताना वरच्या दोन भोकांत डोकं कापलेले लांब बोल्ट लावा, गिअरबॉक्स त्यांवरून सरळ सरकेल. वजन जॅकवरच राहू द्या, हबवर क्षणभरही लटकू देऊ नका. टॉप गिअर टाका, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) असेल तर तोही न्यूट्रलमध्ये नको, आणि मागचा फ्लँज (प्रोपेलर शाफ्ट जोडायची चकती) हळूहळू फिरवा. शाफ्टचे आणि हबचे दाते जुळले की गिअरबॉक्स आपोआप आत जातो. फट चारही बाजूंनी सारखी झाली, मगच बोल्ट.

मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टमध्ये लोक घाई करतात. स्लाइडिंग जॉइंट जोडताना दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत आले पाहिजेत, बहुतेक शाफ्टवर बाणाच्या खुणा असतात. एक क्रॉस (टोकाचा वळता सांधा) दर फेऱ्यात वेग दोनदा कमीजास्त करतो, दुसरा तो फरक भरून काढतो. एक दाता चुकला तरी गाडी थरथरते, आणि लोक उगाच क्रॉस बदलत बसतात.

तेल ९० नंबरचंच, पण गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं घ्या. जीएल-५ मधली रसायनं गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा खातात. मागच्या हाउसिंगला (मागच्या ॲक्सलच्या डिफरन्शियलला) मात्र जीएल-५ चालतं. क्लच पेडलला साधारण एक इंच मोकळी चाल ठेवा.

प्लेट काढल्यावर शाफ्ट बुशमध्ये घट्ट जातो की डुलतो, ते इथेच लिहा. त्यावरून बुश बदलायचा का ते सांगता येईल.