रूझवेल्ट यांचे पंधरा न्यायमूर्ती

प्रश्न : आपल्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीशांची संख्या संसद वेळोवेळी वाढवत आली आहे. मग १९३७ मध्ये सिनेट स्वपक्षाच्या हाती असतानाही अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना तेच का साधले नाही?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : कायद्याची आडकाठी तेथेही नव्हती. अमेरिकेच्या संविधानात न्यायमूर्तींची संख्या दिलेलीच नाही. १७८९ मध्ये ती सहा होती, मध्यंतरी दहापर्यंत गेली आणि १८६९ मध्ये नऊ ठरली. आपल्याकडे अनुच्छेद १२४ नुसार संसदेने सरन्यायाधीशांसह आठ ही मूळ संख्या ३४ वर नेली, ती तुंबलेल्या खटल्यांमुळे. रूझवेल्ट यांनी नेमके हेच कारण पुढे केले आणि तेथेच ते फसले, कारण त्यांचे खरे दुखणे निराळे होते.

मंदीवर उपाय म्हणून केलेले त्यांचे कायदे न्यायालय एकामागून एक रद्द करत होते. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा पाहिलेल्यांना त्यातला एक खटला चटकन उमजेल. ब्रुकलिनच्या शेक्टर बंधूंचा कोंबड्यांचा घाऊक व्यापार होता आणि सरकारी नियम असा होता की, दुकानदाराने खुराड्यातून हाताला येईल ती कोंबडी घ्यावी, निवडून घेऊ नये. हळकुंड मोडून, आतला रंग पाहून बोली लावणाऱ्या व्यापाऱ्याला पोते न उघडताच उचलायला सांगावे, तसेच हे. २७ मे १९३५ रोजी न्यायालयाने या नियमांमागच्या औद्योगिक कायद्याचा गाभाच घटनाबाह्य ठरवला, तोही एकमताने. पुढच्या वर्षी शेतीविषयक कायदा आणि न्यूयॉर्क राज्याचा स्त्रियांच्या किमान वेतनाचा कायदाही गेला.

नोव्हेंबर १९३६ मध्ये ४८ पैकी ४६ राज्ये जिंकल्यावर रूझवेल्ट यांनी ५ फेब्रुवारी १९३७ रोजी विधेयक मांडले. सत्तरी ओलांडूनही निवृत्त न होणाऱ्या प्रत्येक न्यायमूर्तीमागे एक नवा, असे जास्तीत जास्त सहा नेमावेत, म्हणजे एकूण पंधरा होतील, अशी ती योजना होती. वृद्ध न्यायमूर्तींना कामाचा भार झेपत नाही, हे त्याचे समर्थन. गंमत अशी की, सर्वांत वयोवृद्ध असलेले ऐंशी वर्षांचे ब्रँडाइस हे पुरोगामी म्हणूनच ओळखले जात. सरन्यायाधीश ह्यूज यांनी रूझवेल्ट यांच्याच पक्षाचे सिनेटर व्हीलर यांना पत्र पाठवून कळवले की, न्यायालयाचे काम तुंबलेले नाही आणि न्यायमूर्ती वाढले तर चर्चाच वाढेल. या पत्राने विधेयकाची हवाच काढून घेतली.

त्यातच २९ मार्च रोजी हॉटेलात साफसफाई करणाऱ्या एल्सी पॅरिश या बाईंच्या खटल्यात न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी किमान वेतन वैध ठरवले. निर्णायक मत देणारे न्यायमूर्ती रॉबर्ट्स विधेयकाच्या धाकाने बदलले, असे सर्रास म्हटले जाते. परंतु त्यांनी आपले मत सहकाऱ्यांपुढे डिसेंबरातच, म्हणजे विधेयक येण्याआधीच नोंदवले होते, तेव्हा हे म्हणणे मला जसेच्या तसे पटत नाही. मे महिन्यात रूझवेल्ट यांच्या कायद्यांना विरोध करणाऱ्या गटातील न्यायमूर्ती व्हॅन डेव्हँटर यांनी निवृत्ती जाहीर केली आणि १४ जुलै रोजी सिनेटमध्ये विधेयकाची धुरा वाहणारे रॉबिन्सन अचानक वारले. २२ जुलै रोजी सिनेटने ७० विरुद्ध २० मतांनी विधेयक समितीकडे परत धाडले, ते तेथेच विरले.

व्हॅन डेव्हँटर यांच्या रिकाम्या जागी ऑगस्टमध्ये ह्यूगो ब्लॅक आले आणि १९४१ पर्यंत रूझवेल्ट यांनी नव्याने आणलेले न्यायमूर्ती सात झाले, सगळे त्याच नऊ खुर्च्यांवर.