दाढेवर काळी रेघ आहे, पण दुखत नाही. लगेच ड्रिल करून भरून घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की एक डॉक्टर म्हणाले, ‘कीड आहे, आजच भरून टाकू’ आणि दुसरे म्हणाले, ‘राहू द्या, सहा महिन्यांनी दाखवा.’ मी दातांचाच डॉक्टर आहे. दाढ न बघता निकाल देता येत नाही, पण माझा कल दुसऱ्यांकडे आहे.

खाचेतली काळी रेघ म्हणजे कीडच असं नाही. चहा, तंबाखू, मिश्री यांचे डाग तिथेच बसतात. जागच्या जागी थांबलेली जुनी कीडही काळपट दिसते, उलट नव्याने वाढणारी बऱ्याचदा खडूसारखी पांढुरकी असते. म्हणून मी आधी दाढ घासून साफ करतो, मग हवेच्या झोताने कोरडी करतो. ओल्या दातावर न दिसणारा पांढरा डाग कोरड्यावर उमटला, तर कीड अजून एनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरात, वरवरच आहे. ओल्यावरही दिसत असेल तर ती आणखी आत गेलेली असते. टोकदार प्रोब खाचेत दाबून ‘बघा, अडकतंय’ म्हणणं मला पटत नाही. तो निरोगी खाचेतही अडकतो, आणि मऊ पडलेला वरचा थर त्यानेच फुटू शकतो. दोन दाढांच्या फटीतलं मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी बाइटविंग एक्स-रे (फिल्मची पट्टी चावून धरून काढलेला) काढावा लागतो.

वरचा थर शाबूत असेल तर फ्लोराइड वार्निश (दातावर लावायचा लेप) किंवा खाचेत सीलंट (खाच बंद करणारा पातळ थर) पुरतं. घरी फ्लोराइडची पेस्ट वापरा; रात्री घासल्यावर फेस थुंका, पण खळखळून चूळ भरू नका. आणि दिवसभर थोड्या थोड्या वेळाने गोड चहा नको. गोडामुळे तोंडातले जंतू आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच (आम्लतेचं माप, जितकं कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात, आणि लाळेला ती भरून काढायला उसंत लागते.

खड्डा पडला असेल तर भरावंच लागेल. प्रश्न किती कोरायचं हा. चांदी (पारा मिसळलेलं जुनं भरण) दाताला चिकटत नाही, तिला अडकायला जागा करावी लागते. शिवाय जी. व्ही. ब्लॅक या अमेरिकन दंतवैद्यांच्या जुन्या पद्धतीत पुढे कीड लागू नये म्हणून शेजारच्या चांगल्या खाचाही कोरत. १९५५ मध्ये बुओनोकोरे या अमेरिकन दंतवैद्यांनी एनॅमलवर आम्ल लावून त्याला रेझिन (प्लास्टिकसारखं भरण) चिकटवून दाखवलं, आणि पुढे किडलेलं तेवढंच काढणं शक्य झालं. खोल किडीत तर नसेजवळचा थोडा मऊ थर आम्ही मुद्दाम ठेवतो आणि कडा साफ करून वरून घट्ट बंद करतो. बऱ्याचदा रूट कॅनॉल टळतं.

भरलेलं काहीही जन्मभर टिकत नाही. दर वेळी बदलताना खड्डा थोडा मोठाच होतो, शेवटी कॅपवर येतं. आणि खरं सांगायचं तर ‘थांबा’ म्हणण्याचं बिल होत नाही.

पहिल्या डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: वरचा थर फुटलाय का, आणि एक्स-रेमध्ये कीड डेंटिनमध्ये (एनॅमलच्या खालच्या थरात) शिरलेली दिसते का? दोन्हींना ‘नाही’ असेल तर आज दाढेचा फोटो काढून घ्या, पुढच्या वेळी ताडून बघता येईल. मध्येच गार लागून ठणकलं किंवा अन्न अडकू लागलं, तर सहा महिने थांबू नका.