कंसातलं आडनाव

ताई, माझं माहेर सांगलीचं, सासर सॅन फ्रान्सिस्कोतलं, चिनी. सासरे गेल्या महिन्यात ८८व्या वर्षी गेले. १९५१ साली, पंधराव्या वर्षी, ते चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या तैशानहून इथे आले. हॉटेलात बशा धुण्यापासून सुरुवात केली आणि जनरल मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. वीस वर्षांनी आलेल्या पाहुण्यालाही नावानं हाक मारायचे. स्मृतिसभेत मी बोलावं असं दिरांनी ठरवलं, म्हणून नणंद रागावली आहे. बाहेरची कशी बोलणार, म्हणते. तिला न दुखावता काय बोलू? बढत्या ओळीनं सांगितल्या तर पुरे ना? (थडग्याच्या दगडावर चिनी अक्षरांत सासूबाईंना वेगळंच आडनाव हवंय, पण तो घरातला जुना घोळ. नवरा म्हणतो, उकरू नकोस.)
– एक सून

अगं, नणंदेचं राहू दे बाजूला. रागावलीय, रागावू दे. अख्खं पत्र तू मानापमानावर खर्च केलंस आणि जे सांगायचं ते कंसात कोंबलंस. मी तो कंस तीनदा वाचला.

तैशान, १९५१, पंधरा वर्षांचा मुलगा, इंग्रजीत एक आडनाव आणि चिनीत दुसरं. याला घोळ म्हणू नकोस. तुझे सासरे 'कागदावरचा मुलगा' होऊन आले होते.

१८८२ च्या कायद्यानं अमेरिकेनं चिनी मजुरांना दार लावून घेतलं. १९४३ मध्ये तो उठला, तरी वर्षाला जेमतेम १०५ जणांना परवानगी. नागरिकाच्या मुलाला मात्र येता यायचं. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतले जन्मदाखले जळाले होते. त्यामुळे कितीतरी चिनी माणसांना 'आमचा जन्म इथलाच' म्हणता आलं आणि गावाकडचे, नसलेले मुलगेसुद्धा नोंदवता आले. त्या नोंदी विकल्या जायच्या. घेणाऱ्या पोराला नवं आडनाव मिळायचं, नवा बाप मिळायचा आणि पाठ करायला एक वही मिळायची. कारण अधिकारी विचारत, घराला पायऱ्या किती? दार कुठल्या दिशेला? तांदूळ कुठे ठेवता? तिसऱ्या घरात कोण राहतं? उत्तरं जुळली नाहीत तर प्रवेश नाही.

आता सासऱ्यांची ती स्मरणशक्ती आठव. लोक म्हणतील हॉटेलातली तालीम. मला त्या काउंटरमागे कधीही न पाहिलेल्या घराच्या पायऱ्या घोकणारा पोरगा दिसतो. नाव चुकलं तर काय होतं, हे त्याला फार लवकर कळलं होतं. त्यांच्या बढत्यांमध्ये मला एकच मोठी वाटते, मोरीवरून काउंटरवर आले ती. तिथे उभं राहून जन्मभर दुसऱ्यांची नावं वहीत लिहून घेतली. स्वतःचं कुठेच लिहिलं नाही.

१९५६ पासून सरकारनं कबुली देण्याची सोय केली होती. पण एकानं खरं सांगितलं की कागदावरचं सगळं कुटुंब उघडं पडायचं. म्हणून कित्येक जण गप्पच राहिले. तुझ्या सासऱ्यांनीही कोटावरच्या बिल्ल्यावर, पगाराच्या चेकवर, मुलांच्या दाखल्यांवर तेच विकतचं आडनाव वागवलं. आपण म्हणतो ना, पोरानं बापाचं नाव काढलं? हा माणूस इतका राबला आणि नाव निघालं ते दुसऱ्याच्या बापाचं.

तुझ्या नवऱ्याचा मला रागच आला. त्याचे वडील पकडले जाण्याच्या भीतीनं गप्प होते. याला कसली भीती आहे? आणि सासूबाईंनी तर निर्णय घेऊन टाकलाय. दगडावर कोरायला निघालेली बाई ते लपवू पाहत नाहीये. असे दोन आडनावांचे दगड तिथल्या चिनी दफनभूमींत आधीपासून आहेत.

तुझ्या आईला विचार, लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, तेव्हा जुन्याचं काय झालं. माहेरच्या एखाद्या म्हातारीनं त्या जुन्या नावानं हाक मारली की आपल्या आया कशा चटकन वळतात, पाहिलंयस ना? तुझ्या सासऱ्यांना तशी हाक मारणारं सासूबाईंशिवाय कोण उरलं होतं?

आज संध्याकाळीच त्यांच्याकडे जा. एकटी जा. सासऱ्यांचं खरं, पूर्ण नाव सासूबाईंच्या हातानं कागदावर लिहून घे. तैशानच्या बोलीत ते कसं म्हणतात ते शीक. चुकशील, पुन्हा म्हण. त्या मान डोलवेपर्यंत उठू नकोस. उच्चार जमेनाच, तर नणंदेला फोन लाव, तिच्याकडून म्हणवून घे. बढत्या दोन वाक्यांत येतील. सभेत उभी राहिलीस की पहिला शब्द ते नाव असू दे.