पुण्यात गच्चीवर आणि पत्र्याच्या शेडवर स्प्रे फोम मारून घ्यावा का?

तुम्ही दोन छपरांबद्दल विचारलंय. धायरीतल्या तुमच्या सोसायटीची गच्ची पावसात गळते आणि उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर राहवत नाही. शिवाय मेहुण्यांची भोसरीतली पत्र्याची शेड तापते. ठेकेदाराने दोन्हीकडे स्प्रे फोम सुचवलाय. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, छपरांच्या दुरुस्तीच्या कामांवर देखरेख करतो. माझं मत स्पष्ट आहे: शेडवर बाहेरून जरूर मारा. गच्चीवर मात्र पाणी कुठून शिरतंय ते सापडेपर्यंत थांबा.

स्प्रे फोम मारताना आयसोसायनेट आणि पॉलिऑल ही दोन रसायनं गनमध्ये एकत्र येतात, फवारल्यावर काही सेकंदांत फुगतात आणि कडक होतात. तुमच्या फ्रिजच्या भिंतीत याच जातीचा पॉलियुरेथेन फोम भरलेला असतो. छपरासाठी तो बंद पेशींचा (आतले बारीक बुडबुडे बंद असलेला) आणि घनमीटरला ४० ते ५० किलो घनतेचा हवा. असा इंचभर फोम जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला साधारण पाच फूट जाडीचं काँक्रीट लागेल.

वरच्या मजल्यावर दुपारपेक्षा रात्री जास्त उकडतं, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. एप्रिल-मेच्या उन्हात स्लॅब दिवसभर तापतो आणि साठवलेली उष्णता रात्री खाली सोडतो. खालून फॉल्स सीलिंग केलं तरी वरचा स्लॅब तापतच राहतो. फोम वरून असेल तर ऊन स्लॅबपर्यंत पोचतच नाही. याचा आणखी एक फायदा आहे, ज्याबद्दल ठेकेदार क्वचितच बोलतात. रोज तापून-थंड होऊन स्लॅब आकुंचन-प्रसरण पावतो, आणि पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) सांध्यात भेगा पडण्याचं ते एक मोठं कारण असतं. फोममुळे ही हालचालच कमी होते. वजनाचंही बघा: चार इंची ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) चौरस मीटरला दीडशे-दोनशे किलो भरतो, दोन इंची फोम जेमतेम अडीच किलो. आपल्याकडे गळलं की जुन्या कोब्यावर नवा कोबा ओततात. जुन्या इमारतींवर किती भार चढवून ठेवलाय हे पाहून मला खरोखर काळजी वाटते.

मग गच्चीवर थांबा का म्हणतोय? कारण फोम खालचं सगळं झाकून टाकतो. कोब्यात मुरलेलं पाणी पावसाळा संपल्यावरही कित्येक महिने आत राहतं. त्यावर फोम मारला तर ओलाव्याची आयसोसायनेटशी प्रक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो, फोम नीट चिकटत नाही आणि फुगे धरतात. पुढे गळती सुरू झाली तर ती शोधायची तरी कुठे? म्हणून आधी आउटलेट बंद करून गच्चीवर निदान २४ तास पाणी साठवा आणि खाली ओल कुठे येते ते बघा. माझ्या अनुभवात चोर बहुधा पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या डाउनटेक पाइपचं तोंड, पॅरापेटच्या बुडाची गोलाई किंवा सोलरच्या स्टँडसाठी पाडलेली भोकं हाच निघतो. ते दुरुस्त करा, ढाळ सुधारा, कोबा वाळू द्या. त्यानंतरही उकाड्यासाठी फोम हवा असेल तर खुशाल करा. आणि फक्त उकाड्याचाच प्रश्न उरला, पैसेही कमी असतील, तर आधी पांढरं परावर्तक कोटिंग लावून एक उन्हाळा काढून बघा. ते बरंच स्वस्त पडतं. फक्त धुळीने मळतं, म्हणून धुवावं लागतं.

उघडा फोम उन्हाने पिवळा पडतो आणि त्याचा भुगा होऊ लागतो. त्यावर सिलिकॉन किंवा अ‍ॅक्रिलिक कोटिंग एक-दोन दिवसांत बसलंच पाहिजे, आणि दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा द्यावं लागतं. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या इमारतींवर १९७०च्या दशकापासून अशी छपरं आहेत, पण ती टिकली वेळच्या वेळी केलेल्या देखभालीमुळे. आपली गच्ची मात्र वापरातली. पापड वाळतात, मुलं खेळतात, केबलवाला चढतो, कावळे चोची मारतात. त्यामुळे सोसायटीत कोटिंगवर जाळी टाकून दीड-दोन इंचाचं स्क्रीड (सिमेंट-वाळूचा थर) घ्याच. वजन वाढेल, तरी नव्या कोब्याइतकं नाही.

शेडचं गणित सोपं आहे. तिथे कोणी फिरत नाही, आणि हुक बोल्टची भोकं नि पत्र्यांचे सांधे एका थरात बुजतात. गंज घासून प्रायमर मारायला लावा. मात्र आतून फोम मारू देऊ नका, विशेषतः वर्कशॉपमध्ये वेल्डिंग होत असेल तर. हा फोम जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. पुढे छपरावर वेल्डिंग-कटिंगचं काम करायचं झालं तरी हेच ध्यानात ठेवा.

खर्चावरून सोसायटीत वाद होईलच. गच्चीतून होणारी पावसाची गळती दुरुस्त करणं ही आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) सोसायटीची जबाबदारी आहे, वरच्या मजल्यावरच्या सभासदाची नाही. हे सभेत ठामपणे सांगा. करारात फोमची घनता, जाडी, कोटिंगचा प्रकार आणि त्याची मायक्रॉनमधली जाडी लिहून घ्या. नुसत्या ‘दहा वर्षांची गॅरंटी’ या ओळीवर सही करू नका. काम चालू असताना मधूनच फोमचा एक तुकडा कापून जाडी बघा.

वेळ निवडायची तर फेब्रुवारी-मार्च. मे महिन्यात वळीव कधी गाठेल सांगता येत नाही. थंडीत दव सुकल्यावरच गन सुरू करायची. वारा असेल तर काम बंदच, कारण उडालेले थेंब गाडीच्या रंगावर बसले की सहज निघत नाहीत. त्या दिवशी गाड्या लांब लावायला सांगा, वरच्या मजल्याच्या खिडक्या बंद ठेवा, आणि कोणाला दमा असेल तर त्यांनी फवारणीच्या दिवशी दुसरीकडे राहावं.