‘माझ्यामागे कुणाला त्रास नको’ : अंत्यविधीची सोय आधीच करून ठेवावी का?

मी समुपदेशक आहे आणि हल्ली माझ्याकडे एक प्रश्न वारंवार येतो. विचारणारे बहुतेक साठी-सत्तरीतले, कधी कधी पन्नाशीतलेही, आणि शब्दसुद्धा जवळपास तेच. "मॅडम, माझ्या अंत्यविधीची सगळी व्यवस्था मला आत्ताच करून ठेवायचीय, पैसेही भरून टाकायचेत, माझ्यामागे कुणाला त्रास नको. पण घरात विषय काढला की सगळे अंगावर येतात." मग जरा थांबून आवाज खाली आणून विचारतात, "असं काही मनात येणं नॉर्मल आहे ना?"

नॉर्मल आहे. हे मी लगेच सांगून टाकते, कारण त्या एका शब्दासाठी काही जण कित्येक महिने अडून बसलेले असतात. आपण मरणाची तयारी केली तर ते ओढवून घेऊ ही भीती शिकलेल्या माणसांनाही असते, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण ती खरीही नाही.

एक गोष्ट मात्र मी आधी नीट तपासते. समोरच्याला जगायचंय आणि पुढची सोय करायचीय, की जगावंसंच वाटत नाहीये? झोप उडालीय, कशातच रस नाही, आवडीच्या वस्तू अचानक वाटून टाकल्या, "आता लवकर सुटलो तर बरं" असं सारखं तोंडात येतंय, तर तिथे अंत्यविधीचं प्लॅनिंग बाजूला ठेवायचं आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. घरच्यांनीही हा फरक ओळखायला हवा. तयारी करणारा माणूस सहसा पुढच्या महिन्याच्या गोष्टीही बोलत असतो.

आता हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आलेल्या एका काकूंबद्दल. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वय 72, आयुष्यभर ऑफिसात हिशेब सांभाळलेले, नवरा जाऊन काही वर्षं झालेली. हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात एका कंपनीचं कोटेशन, एकरकमी पैसे भरा आणि फोन केल्यापासून शेवटपर्यंत सगळं आम्ही बघू. बरोबर मुलगी आलेली. दोघींनी मला एकच वाक्य ऐकवलं, फक्त बोट एकमेकींकडे होतं : "हिला जरा समजवा."

मी काकूंना विचारलं, "त्रास नको म्हणताय, तर कोणता त्रास?"

"सगळाच."

हा ‘सगळाच’ मी कधी तसाच सोडत नाही. माझी कामाची पद्धत विवेकनिष्ठ विचारांची, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली, आणि तिनं मला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे माणसाला मोघम शब्दापासून नेमक्या गोष्टीपर्यंत आणायचं. मोघम शब्दाला उत्तर सापडत नाही, नेमक्या गोष्टीला सापडतं.

तर हळूहळू ती रात्र बाहेर आली. काका, म्हणजे काकूंचा नवरा, हॉस्पिटलमध्ये वारले तेव्हा पैसे होते, पण ते काकांच्या एकट्याच्या खात्यात. मुलाच्या कार्डाची लिमिट संपलेली. फोनवर कुणीतरी विचारत होतं, साधं करायचं की सगळं करायचं, लवकर सांगा. कॉरिडॉरमध्ये बहीणभाऊ भांडत होते, एक म्हणे बाबांना साधंच आवडायचं, दुसरा म्हणे लोक काय म्हणतील. आणि काकू बाकावर काकांच्या चष्म्याची डबी धरून बसल्या होत्या, उघडत होत्या, मिटत होत्या.

"त्यांना काय हवं होतं ते मला माहीत होतं हो. पण मला कुणी विचारलंच नाही. आणि मीही तोंड उघडलं नाही."

हे मुलगीही पहिल्यांदाच ऐकत होती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

पुढच्या भेटींत आम्ही त्याच रात्रीवर काम केलं. मी विचारलं, आधी पैसे भरलेले असते तर यातलं काय काय टळलं असतं? काकूंनी हिशेबी माणसासारखं बोटांवर मोजलं. कार्डाची धावपळ टळली असती. साधं की सगळं हा वाद टळला असता. फोनवरचा तो माणूस टळला असता.

"आणि मुलं रडायची थांबली असती?"

"ते कसं थांबेल?"

"पण तुम्हाला तेही थांबवायचंय का?"

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हो. खरं तर तेच थांबवायचंय. मी गेल्यावर त्यांना काहीच होऊ नये, काहीच करायला लागू नये. दुसऱ्या दिवशी त्यांनी कामाला जावं."

आणि तेव्हा मुलगी बोलली. तोवर ती तोंड फिरवूनच बसायची. "आई, बाबांचा निळा शर्ट मी काढला होता कपाटातून. रात्री तीनला इस्त्री केली मी त्याला. कॉलरला दोनदा केली. त्या अख्ख्या रात्रीतली तेवढी एकच गोष्ट आहे जी आठवली की मला बरं वाटतं. आणि तू तुझ्या वेळी तेवढंही ठेवत नाहीयेस मला. तुझ्या त्या कागदात कपडेपण कंपनीचे आहेत, मी वाचलंय."

काकूंनी फोल्डर उघडलं. कोटेशनचं दुसरं पान काढलं, माझ्या टेबलावरचं पेन घेतलं आणि कपड्यांच्या ओळीवर काट मारली, हिशेबातली चूक दुरुस्त करतात तशी, पट्टीनं ओढल्यासारखी सरळ. पान मुलीकडे सरकवलं. "हे तू कर." मग थोड्या वेळानं, "ती मोरपंखी साडी."

मी काही बोलले नाही, बोलायची गरजही नव्हती. असे क्षण समुपदेशक घडवत नाही, पण ते घडतील अशी जागा तयार करतो, आणि ती जागा तयार झाली होती याचा मला आजही आनंद आहे.

मला त्या दिवशी जे दिसलं ते तेव्हापासून मी हा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. ‘त्रास’ या एका शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो, गोंधळ आणि दुःख. गोंधळ आधी तयारी करून बराचसा काढून टाकता येतो आणि जरूर काढावा. दुःख काढता येत नाही, आणि जो ते काढायला जातो तो नकळत आपल्या माणसांचा त्या दिवशीचा सहभागच काढून घेतो. म्हणूनच मुलं चिडतात. आई म्हणते "तुम्हाला काही करायला नको", मुलाला ऐकू येतं "तुमच्यावर माझा भरवसा नाही". एलिस यांच्या विचारात निरोगी दुःख आणि माणसाला मोडून टाकणारं दुःख असा फरक आहे. आपलं माणूस गेल्यावर पहिलं होणारच, ते व्हायलाच हवं. "मुलांना त्रास कमी व्हावा" ही इच्छा चांगली आहे, तिचं "मुलांना त्रास होताच कामा नये" झालं की माणूस फोल्डर घेऊन रात्र रात्र जागायला लागतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं. लोक इथे तीन वेगवेगळी कामं एकात मिसळतात : आपली इच्छा सांगणं, पैसे बाजूला ठेवणं आणि पैसे भरून टाकणं. पहिलं प्रत्येकानं करावं. दुसरं जमेल त्यानं करावं. तिसरं विचारपूर्वक, आणि सगळ्यांना ते लागतंच असं नाही.

इच्छा एका पानावर मावली पाहिजे. दहन की दफन की देहदान, साधं की विधिवत, कुणाला कळवायचं, निर्णयात मतभेद झाले तर शेवटचा शब्द कुणाचा. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात आणि भांडणं नेमकी तिथेच होतात. हे फक्त मृत्युपत्रात लिहून ठेवू नका, मृत्युपत्र बऱ्याचदा सगळं उरकल्यावर उघडलं जातं. बँकेच्या लॉकरमध्येही नको, रात्री दोनला लॉकर कोण उघडणार? जपानमध्ये या आधीच्या तयारीला शुकात्सु म्हणतात, तिथे लोक त्यासाठी एक वहीच भरून ठेवतात. त्या वहीला कायदेशीर वजन नसतं, तरी लोक भरतात, कारण घरच्यांना अंदाज लावत बसावं लागत नाही. अंत्यविधीबद्दल लिहिलेली इच्छा बऱ्याच देशांत कायद्यानं बंधनकारक नसते, म्हणून जो माणूस ती पाळणार आहे त्याच्याशी समोरासमोर बोलणं कागदापेक्षा जास्त महत्त्वाचं. देहदान करायचं असेल तर नोंदणी आधी करा, घरच्यांना सांगा आणि दुसरा पर्यायही लिहून ठेवा, कारण शवविच्छेदन झालं असेल किंवा काही संसर्ग असेल तर संस्था देह नाकारू शकते आणि ऐन वेळी घरचे गोंधळतात.

पैशांचं म्हणाल तर काकांच्या बाबतीत झालं ते फार घरांत होतं. माणूस गेल्याचं बँकेला कळलं की त्याच्या एकट्याच्या नावावरचं खातं साधारणपणे थांबवलं जातं. मुखत्यारपत्र आहे ना, असं काही जण मला सांगतात, पण मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं. त्यामुळे थोडी रक्कम अशा खात्यात ठेवा जिथून दुसऱ्यालाही पैसे काढता येतील आणि तुमच्या मागे काय होईल हे बँकेत जाऊन स्पष्ट विचारा. विचारायला संकोच वाटतो, पण तिथल्या माणसासाठी तो रोजचा प्रश्न आहे.

आणि कंपनीला आधी पैसे भरायचे असतील तर सही करण्याआधी बसून विचारा. माझे पैसे कुठे राहणार, वेगळ्या ट्रस्टमध्ये, विम्यात, की तुमच्याच खात्यात? आजचा भाव पक्का आहे की वाढला तर फरक मुलांनी भरायचा? काय धरलंय आणि काय नाही? मी दुसऱ्या गावी गेले तर? मन बदललं तर किती परत मिळणार? आणि तुम्ही बंद पडलात तर? हा शेवटचा प्रश्न उगाच नाही. ब्रिटनमध्ये 2022 च्या मार्चमध्ये अशी एक कंपनी कोसळली आणि 40 हजारांहून जास्त ग्राहकांचे पैसे अडकले, त्याच वर्षी 29 जुलैपासून तिथे या योजना वित्तीय नियामकाच्या देखरेखीखाली आल्या. अमेरिकेत 1984 पासून नियम आहे की अंत्यविधीची सेवा देणाऱ्यांनी प्रत्येक गोष्टीची किंमत वेगवेगळी दाखवायची आणि फोनवर विचारली तरी सांगायची. तुमच्याकडे असा नियम असो नसो, सुटा हिशेब मागायला कुणी अडवत नाही. जो देत नाही त्याच्याकडे पैसे ठेवू नका, इतकं माझं मत स्पष्ट आहे.

काकूंनी शेवटी कंपनीला पैसे भरले नाहीत. तेवढी रक्कम मुलीला काढता येईल अशी ठेवली, एक पान लिहिलं, आणि मुलाला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं. तो पहिली दोन मिनिटं "आई, काय हे" करत राहिला, मग म्हणाला, "गाणी मी निवडू का?" त्यांनी ती ओळ मुद्दाम रिकामीच ठेवली होती.

घरात विषय काढायचा कसा, हेही सगळे विचारतात. "मी मेल्यावर" अशी सुरुवात केली की समोरचा कान बंद करतो, ते साहजिक आहे. त्यापेक्षा मदत मागा. "एक कागद करतेय, दहा मिनिटं बसशील का?" एवढंच. "शुभ बोल गं" असं उत्तर आलं तर वाद घालू नका, चार दिवसांनी परत विचारा. आणि हे वाचणारे तुम्ही मुलगा-मुलगी असाल तर आईबाबांनी विषय काढल्यावर "तुम्हाला काही होत नाही" म्हणून तो मिटवू नका. त्यांना धीर नकोय, त्यांना कुणीतरी ऐकून घेणारं हवंय. नुसतं "तुला काय हवंय?" एवढं विचारा आणि मध्ये बोलू नका.

ज्यांना मूलबाळ नाही, जवळचं कुणी नाही, त्यांच्यासाठी सल्ला थोडा वेगळा. माझ्याकडे असे एक गृहस्थ यायचे, त्यांनी नीट चौकशी करून सगळे पैसे आधी भरले आणि त्यांच्यासाठी तेच बरोबर होतं. मी त्यांना फक्त एवढंच करायला लावलं की दोन माणसं ठरवायची, त्यांची परवानगी घ्यायची, कागदाची एकेक प्रत दोघांकडे द्यायची, दोघांचे नंबर पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहायचे, आणि त्या दोघांची एकमेकांशी ओळख करून द्यायची. तेव्हापासून ते तिघं दर रविवारी पत्ते खेळतात.