गावच्या ओढ्याचे खोलीकरण करावे का, आणि नाहीसे झालेले मासे-खेकडे आणून सोडता येतील का?

शिराळा तालुक्यातल्या आपल्या गावचा ओढा दिवाळीनंतर कोरडा पडतो, तेव्हा त्याचे खोलीकरण करून घ्यावे का, त्यासाठी निधी कोठून मिळेल आणि पूर्वीचे मासे-खेकडे पुन्हा आणून सोडता येतील का, असे आपण विचारले आहे. खोलीकरण करू नका. इतक्या ठामपणे सांगण्याचा अधिकार मला कशाने मिळाला, ते आमच्या ओढ्याची हकिकत ऐकल्याशिवाय कळणार नाही.

माझे गाव पाटण तालुक्यात, तारळी खोऱ्यात आहे. तारळी पुढे उंब्रजला कृष्णेला मिळते. आमचा ओढा डोंगरातून निघून तारळीपर्यंत जेमतेम तीन किलोमीटर वाहतो, पण तेवढ्यात सात डोह होते आणि प्रत्येकाला नाव होते. जांभळीचा डोह भर वैशाखातही आटत नसे. दोन डोहांच्या मधल्या खळाळात गोट्यांना मळ्या चिकटलेले असत. मळ्या म्हणजे बोटाएवढा काळपट मासा. तोंडाच्या खालच्या बाजूला असलेल्या चकतीने तो वाहत्या पाण्यात दगड धरून राहतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा याचे शास्त्रीय नावही आपल्या लोकांच्या तोंडी असलेल्या नावावरूनच ठेवले.

२०१६ च्या उन्हाळ्यात, लागोपाठ दोन वर्षांच्या दुष्काळानंतर, ओढा खोल व रुंद करण्याचा ठराव ग्रामसभेत आला. माझे थोरले चुलतबंधू, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, त्या वेळी गावचे कारभारी होते. डोह तरी ठेवा, असे मी म्हणालो, तेव्हा ते सर्वांसमोर म्हणाले, "माणसास्नी प्यायला पानी न्हाई, आन् तुला माशांचा पुळका आलाय व्हय?" सभा हसली आणि ठराव मंजूर झाला.

पोकलेन मृगाच्या तोंडापर्यंत चालले. काठावरची करंजे, उंबर, वाळुंज मुळांसकट निघाली आणि दीड किलोमीटर ओढा सरळ रेषेत कापला गेला. एका संध्याकाळी मी उपसलेल्या ढिगापाशी गेलो आणि वरचा एक गोटा उलटा केला. त्याच्या ओलसर बाजूला मळ्या तसाच चिकटलेला होता. अंगावरची ओल वाळत आली होती, पण कल्ले अजून हलत होते. शेजारी एक खेकडी उताणी पडली होती आणि तिच्या पोटाच्या पाळीखाली मसुरीएवढी पिल्ले हालचाल करीत होती. मी व माझ्या पत्नीने अंधार पडेपर्यंत सापडतील तेवढे जीव दोन बादल्यांत भरले आणि ओढ्याच्या वरच्या टप्प्यात नेऊन सोडले. तिथे अखंड कातळ असल्यामुळे यंत्र पोहोचू शकले नव्हते.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. चर काठोकाठ भरला, जलपूजन झाले, आणि तात्यांचेच बरोबर होते असे सांगायला लोक माझ्या दारात आले. मात्र चैत्रापर्यंत पुरणारी आमची काठावरची विहीर त्या साली पौषातच तळाला गेली. आपल्याकडे मातीखालच्या मुरमात पावसाचे पाणी साठते आणि ते सावकाश ओढ्यात पाझरते. ओढ्याचा तळ खाली गेला की आजूबाजूच्या मुरमातले पाणी त्या चरात लवकर उतरते, आणि तिथून ते ऊन आणि मोटारी संपवतात. चरात जे पाणी पाहून गाव आनंदले होते, त्यातले बरेचसे आमच्या विहिरींचेच होते. तिसऱ्या पावसाळ्यात मुळे नसलेले काठ ढासळले, चर गाळाने भरला आणि त्यावर बेशरम माजली. कातळाच्या वरचा टप्पा मात्र आजही महाशिवरात्रीपर्यंत वाहतो आणि मळ्या तिथे टिकून आहे.

तात्यांच्या त्या प्रश्नाला मला तेव्हा उत्तर सुचले नव्हते, ते आता देतो. पावसाळा संपून चार महिने झाले तरी ज्या ओढ्यात मळ्या दगड धरून असतो, त्या ओढ्याच्या काठाचा मुरूम अजून पाझरत असतो आणि तिथल्या विहिरींना पाणी असते. मी माशांविषयी बोलत होतो तेव्हा तात्यांच्याही विहिरीविषयी बोलत होतो. त्यांची विहीर आमच्यापेक्षा आधी आटली.

आपण काय करावे, तर माघ-फाल्गुनात ओढा चालून पाहा आणि टिकलेले डोह टिपून ठेवा. त्यांपैकी निदान दोन डोहांत मोटार टाकायची नाही आणि ब्लीचिंग पावडर किंवा जिलेटिन वापरून मासे मारायचे नाहीत, असा ग्रामसभेचा ठराव करून घ्या. महाडजवळच्या वाळणकोंडात लोकांनी देवाचे मासे म्हणून महसीर आजवर राखले आहेत, आणि आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या कुंडात सापडलेल्या एका छोट्या माशासाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत आपल्या डोहांची नोंद करून घ्या. निधीचे म्हणाल, तर डोंगरउतारावर समतल चर आणि दगडी बांध घालण्याची कामे रोजगार हमीतून होतात. पाणी तिथेच मुरवायचे असते.

एक गोष्ट सांगायची राहिली. माण, खटाव, आटपाडी या भागांत गाळाने बुजलेल्या ओढ्यातून केवळ गाळ काढणे ही वेगळी बाब आहे. मुरमाला हात लागत नसेल तर माझा त्याला विरोध नाही.

मासे विकत आणून सोडू नका. बीज केंद्रात मिळणारे रोहू, कटला हे ओढ्याचे मासे नव्हेत. डासांसाठी दिले जाणारे गप्पी दक्षिण अमेरिकेतले असून तेही वाहत्या ओढ्यात जाऊ देऊ नका. आपले मासे मृगाच्या पहिल्या पुरात नदीतून स्वतः चढून येतात. त्यांच्या वाटेत उंच सिमेंटचा बंधारा नसावा आणि चढणीच्या माशांवर गाभोळीसाठी जाळे पडू नये, एवढेच आपल्या हाती आहे. खेकड्यांना याहून जास्त वेळ लागेल, कारण गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिल्ले समुद्रातल्यासारखी तरंगत दूर जात नाहीत, ती आईच्या पोटाखालीच पूर्ण खेकडा होऊन बाहेर पडतात. वरच्या अंगाला चार-सहा खेकडे उरले असतील, तर ते काठाकाठाने खाली सरकतील. त्यासाठी त्यांना काठावर बिळे करता येईल एवढी माती आणि मुळे शाबूत ठेवा.